वरखालींच्या चाली आणि दोन कार्डं

त्या रविवारी वरखालींचे पाय जमिनीवर नव्हते. एरवी सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत बनियनवर लोळणारा हा माणूस, पण आज सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट चढवून बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालत होता. खुर्च्या आधी भिंतीला लावून झाल्या, मग खिडकीपाशी नेऊन झाल्या, मग परत भिंतीला आल्या. शेवटी बायको आतून ओरडली, "अहो, त्या खुर्च्यांना तरी जरा बसू द्या!"

"अगं, बाई येणारेत!"

"बाईच येणारेत ना? सर्कस तर नाही ना येत?"

पण वरखालींच्या दृष्टीनं सर्कसच काय, सगळी जत्राच येणार होती. मुलांची नाटकं बसवणाऱ्या, ज्यांचा खेळ लागला की आयाबाप पोरांना काखोटीला मारून पळत सुटतात, त्या नाटकवाल्या बाई दुपारी स्वतः त्यांच्या घरी यायच्या होत्या. चहाला नव्हे, लिफ्टची तक्रार घेऊनही नव्हे. वरखालींच्या चाली ऐकायला!

वरखाली हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नाही, हे सांगायला नको. ते लिफ्टचे मिस्त्री. उभी हयात लोकांना वर नेण्यात आणि खाली आणण्यात गेली, म्हणून कुणीतरी थट्टेनं वरखाली म्हटलं आणि ते असं चिकटलं की आता पोस्टमनसुद्धा "वरखालीकाका आहेत का?" असं विचारतो. माणूस साधा, हात सोन्यासारखा, डोकं मात्र तापट. विशेषतः लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबणाऱ्या लोकांवर त्यांचा फार राग. दहादा दाबलं म्हणून लिफ्ट काय पळत येते? ती काय तुमच्या बापाची नोकर आहे? असं ते तोंडावर बोलून मोकळे होत.

आणि हाच तापट माणूस लिफ्टमध्ये कुणी अडकलं की लोण्यासारखा मऊ व्हायचा.

त्याचं असं झालं. अगदी नवे असताना पहिल्यांदा एकटे सुटकेला गेले, तेव्हा आत एक बाई अडकल्या होत्या आणि किंकाळ्या फोडत होत्या. मिस्त्री असतो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. एक हात ब्रेकच्या दांड्यावर, दुसरा चाकावर, आणि ते चाक हातानं फिरवत लिफ्ट इंच इंच मजल्याला आणायची. वरखाली वरून ओरडले, "घाबरू नका!" त्यासरशी बाई दुप्पट ओरडायला लागल्या. बरोबरच आहे. घाबरू नका म्हटल्यावर न घाबरलेला माणूससुद्धा दचकतो. तेव्हा काय सुचलं कोण जाणे, वरखाली गुणगुणायला लागले. दोर खाली जायला त्या खोलीच्या जमिनीला भोकं असतात, त्यातून आवाज थेट खाली पोचतो. बाई गप्प झाल्या. वर कुणीतरी आहे, आणि गातंय म्हणजे त्याला काही फारसं झालेलं दिसत नाही, एवढं त्यांना कळलं असावं.

तेव्हापासून ती त्यांची पद्धतच झाली. लोकांची गाणी त्यांना धड आठवत नसत, म्हणून मनाला येईल ती चाल. आणि गंमत म्हणजे जसा माणूस अडकलेला, तशी चाल यायची. रडक्या पोरीला एक, ऑफिसला उशीर झाला म्हणून चिडलेल्या साहेबाला दुसरी. सुटका झाली की जिन्यात टेकायचं आणि विसरायच्या आत ती चाल मोबाईलमध्ये भरून टाकायची. एकदा भरली की डोकं रिकामं! पुन्हा म्हणा म्हटलं तर ठार आठवणार नाही. अशी किती वर्षं गेली. मोबाईल बदलले, पण आतलं मेमरी कार्ड तेच, प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये सरकवलेलं.

घरात मात्र त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. बायको या सगळ्याला "तुमची ती भुणभुण" म्हणायची, तीही ऐकीव माहितीवर.

मागच्या महिन्यात नाटकवाल्या बाई आपल्या राहत्या बिल्डिंगीच्या लिफ्टमध्ये अडकल्या. सुटून बाहेर आल्या त्या घरी गेल्याच नाहीत, तरातरा गच्चीवर चढल्या आणि विचारलं, "मिस्त्री, ही चाल कुणाची?" वरखाली चोरी पकडल्यासारखे लाजले. "माझीच," म्हणाले. आणि परवा बाईंचा फोन आला. नव्या नाटकातल्या मुख्य गाण्याला काही केल्या चाल मिळत नव्हती. मिस्त्रींची ती चाल डोक्यात घर करून बसली होती, पण अर्धीच. उरलेली ऐकायला रविवारी येते, सोमवारी तालमी सुरू होतायत, जमलं तर पोस्टरवर नाव तुमचं. वरखालींनी फोन ठेवला आणि बायकोला हाका मारत स्वयंपाकघराकडे धावले.

आणि नेमकं तेव्हाच कार्डानं रंग दाखवायला सुरुवात केली. मोबाईल मधूनच सांगायचा, कार्ड नाही. काढून घातलं की आहे. परत नाही. सूनबाई फोटो स्टुडिओत कामाला, दिवसभर कार्डांशीच गाठ. मुलगा बाहेरगावी नोकरीला असल्यानं घरातल्या असल्या सगळ्या भानगडी तिच्याच गळ्यात. तिनं ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हे आता शेवटचे श्वास घेतंय. बाई यायच्या आत सगळं नव्या कार्डात उतरवू."

नवं कार्ड ती घेऊनच आली होती. नखाएवढं. वरखालींनी ते तळहातावर घेतलं, आणि आपली सगळी मिस्त्रीगिरी या टिकलीएवढ्या जागेत कशी मावणार म्हणून हसू लागले.

जेवणं उरकल्यावर सूनबाईनं खिडकीजवळचा कॉम्प्युटर लावला. एका खाचेत जुनं कार्ड, दुसऱ्या खाचेत नवं. पडद्यावर दोन चौकटी उघडल्या, एक गच्च भरलेली, एक कोरी. "हे बघा, कट नाही करायचं, कॉपी करायचं. म्हणजे जुन्यात राहतंच आणि नव्यातही येतं. दोन्हीकडे." तिनं सगळ्या फाइली एकदम निवडल्या, पलीकडे चिकटवल्या, आणि हिरवी पट्टी पुढे सरकू लागली.

"सरकली! अगं, सरकली!" वरखालींनी टाळीच वाजवली.

"आता मी सकाळची राहिलेली अंघोळ करून येते. बाबा, हात लावायचा नाही. काहीही झालं तरी. समजलं?"

"पोरी, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

सूनबाई गेली. वरखाली खुर्ची ओढून पडद्याला नाक लावून बसले. फाइलींची नावं भराभर पुढे पळत होती. ती त्यांनीच दिलेली. चालीला नाव काय द्यायचं? म्हणून जो अडकला त्याचंच देऊन टाकलं. "दात दुखणारे आजोबा." "जाड गृहस्थ आणि त्यांचा कुत्रा." "नवरा-बायको, दोन्ही अबोल." नाव दिसलं की त्यांना तो जिना, ती गच्ची, तो माणूस असं सगळं आठवायचं. चाल तेवढी नाही.

"अगं ये, ये लवकर! ती बघ, लग्नाला निघालेली मुलगी! अंगभर दागिने, आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे लटकलेली! बघ, गेली पलीकडे!"

बायको ओल्या हातांनी दारात आली. "कोण गेली?"

"चाल गं!"

"तुम्ही आज मला वेड लावणार," ती म्हणाली, पण गेली नाही. पदराला हात पुसत तीही बघत उभी राहिली.

आणि पट्टी थांबली.

निम्म्याच्याही अलीकडे. एक नाव पडद्यावर अडकलं ते अडकलंच. वरखाली थोडं थांबले. मग मान वाकडी करून बघितलं. कॉम्प्युटरच्या आतला पंखा घरघरायला लागला. त्यांना तो आवाज ओळखीचा होता, मोटर जोर लावते आणि लिफ्ट हलत नाही तेव्हा अगदी तस्साच आवाज येतो. तेव्हा काय करायचं हे वरखालींना झोपेतून उठवून विचारा. त्यांच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी कान पिरगाळून शिकवलं होतं: अडकली की आधी मेन बंद. बाकी सगळं मागाहून. चालू मोटरशी खेळशील तर हात जाईल. इतक्या वर्षांत या नियमानं त्यांचा हात शाबूत ठेवला होता, आणि किती जणांचा जीवही.

हात आपोआप भिंतीकडे गेला. खट्.

पडदा काळा झाला. पंखा थांबला. खोलीत एकदम शांत वाटलं, आणि वरखाली समाधानानं म्हणाले, "हां. आता बघू काय अडकलंय."

केस पुसत बाहेर आलेली सूनबाई दारातच खिळली. "बाबा... बंद कुणी केला?"

"मीच. अडकलं होतं."

"अहो, अडकलं नव्हतं! जुनं कार्ड वाचायला वेळ घेत होतं!"

तिनं घाईघाईनं कॉम्प्युटर परत चालू केला. नव्या कार्डात पट्टी थांबेपर्यंतच्या तेवढ्या चाली उतरल्या होत्या, सगळ्या जुन्या, ज्यात मोटरचाच आवाज जास्त आणि मधे मधे वरखालींचं खाकरणं. जुनं कार्ड मात्र काढलं, पुसलं, घातलं, दुसऱ्या खाचेत घातलं, मोबाईलमध्ये घालून पाहिलं. कुणी त्याला ओळखच देईना. बाईंची चाल सगळ्यात शेवटची. ती त्यातच होती.

वरखाली खुर्चीत बसले आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. सूनबाईला वाटलं होतं रागावावं, पण त्यांचा चेहरा बघून तिचा राग पळाला. "बाबा, आमच्या स्टुडिओत एकजण आहे, मेलेली कार्डं उठवतो. उद्या दाखवते त्याला. काहीतरी निघेल."

"उद्या निघून काय करू? तालीम उद्याच आहे. बाई आज येतायत!"

आणि बाई आल्याच. हसऱ्या, घाईतल्या, चप्पल काढता काढताच ती अर्धी चाल गुणगुणत. वरखालींनी सगळं खरं ते सांगून टाकलं. बाईंचा चेहरा क्षणभर पडला, पण लगेच म्हणाल्या, "कार्ड गेलं तर गेलं हो. चाल तुमच्या गळ्यातली ना? मी सुरुवात करून देते, तुम्ही पुढे न्या."

त्यांनी अर्धी म्हटली. वरखालींनी डोळे मिटले, घसा साफ केला, तोंड उघडलं. काही नाही. पाणी प्यायले. पुन्हा काही नाही. इस्त्रीच्या शर्टात, खुर्चीवर, समोर बाई आणि बाईंच्या मांडीवर चाल भरून घ्यायला मोबाईल, अशा थाटात त्यांच्या गळ्यातून बेडकासारखा एक आवाज निघाला आणि विरून गेला. "नाही जमत हो," ते म्हणाले, "मला असं बसून कधी येतच नाही." बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी हळूच पर्स उचलली.

इतका वेळ दारात उभी असलेली बायको पुढे आली आणि तिनं बाईंचा हात धरला. "बाई, चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"लिफ्टमध्ये."

सूनबाईचा आ वासला. कारण लिफ्ट मिस्त्रीच्या या बायकोनं आयुष्यात लिफ्टमध्ये पाऊल टाकलं नव्हतं! रोज संध्याकाळी चहाबरोबर नवऱ्याकडून तुटलेले दोर आणि घसरलेले ब्रेक ऐकायचे, मग कोण चढेल? घर तळमजल्यावरचं घेतलं ते तिच्याच हट्टापायी. वरच्या मजल्यावर कुणाकडे जायचं झालं तर गुडघे धरून जिन्यानं.

"अगं, काय करतेस?" म्हणत वरखाली मागे धावेपर्यंत जाळीचं दार लागलं होतं. लिफ्ट पहिला मजला ओलांडून गेली, दुसरा ओलांडून गेली, आणि धाडकन थांबली. आतून बायकोचा आवाज आला, "अहो! अडकलो आम्ही!"

"अडकलात कसल्या! लाल बटण दाबलंयस तू! ओढ ते बाहेर!"

"नाही ओढत! काढा आम्हाला!"

आता मात्र वरखालींचं डोकं फिरलं. चेष्टा चेष्टा म्हणून लिफ्टशी? दोन दोन पायऱ्या चढत, बायकोच्या नावानं शंख करत ते गच्चीवर पोचले, नेहमी खिशात असलेल्या किल्लीनं मशीनच्या खोलीचं कुलूप उघडलं, आणि रागाच्या भरात हातानं आपलं नेहमीचं काम केलं. खट्. मेन बंद.

खाली लिफ्टमधला दिवा गेला. पंखा गेला.

मग दोरांच्या भोकांतून एक बारीक आवाज वर आला. "अहो... आहात ना तुम्ही वर?"

हा आवाज वरखालींना पाठ होता. पुरुषांचा, पोरांचा, म्हाताऱ्यांचा, तो त्यांनी उभा जन्म ऐकला होता. बायकोचा कधी ऐकला नव्हता. ती खरोखर भ्यायली होती. नाटक करायला गेली होती आणि आता काळोखात बाईंचा हात घट्ट धरून उभी असणार. तिला वरचे दोर माहीत, ब्रेक माहीत, सगळं माहीत. वरखालींचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी एका हातानं ब्रेकचा दांडा ओढला, दुसऱ्या हातानं चाक धरलं, आणि तोंड उघडलं.

चाल आली! न बोलावता आली, भरभरून आली. आधी खालच्या सुरात, पाठीवरून हात फिरवल्यासारखी, मग एक गिरकी घेऊन वर. चाक फिरतंय, दोर सरकतायत, आणि वरखाली गातायत.

तेवढ्यात बाई खालून ओरडल्या, "मिस्त्री, ही ती नाही!"

वरखालींचं चाक थबकलं. संपलंच सगळं, असं त्यांच्या मनात आलं.

"थांबलात कशाला? ही तिच्याहून सरस आहे! म्हणा, म्हणा! मी भरून घेतेय!"

वरखालींनी भोकांकडे तोंड केलं आणि आवाज मोकळा सोडला. दुसरं कडवं असावं तसं काहीतरी सुचलं, त्याला तिसरं जोडलं गेलं. खाली बाई ठेका धरून भिंतीवर थाप मारत होत्या. मजल्यामजल्यावरची माणसं दारं उघडून जाळीपाशी जमली. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराची किल्ली घेऊन उभी असलेली सूनबाई आनंदानं जागच्या जागी उड्या मारत होती. शेवटी दोरावरची रंगाची खूण जागेवर आली. वरखालींनी ब्रेक लावला, घाम पुसला आणि ओरडले, "सूनबाई, लागली का मजल्याला?"

"लागली बाबा, अगदी बरोबर! उघडू दार?"

"उघड!"

दाराचा आवाज काही आला नाही. त्याऐवजी लिफ्टच्या काळोखातून बायकोच आधी सुनेवर आणि मग वर त्यांच्यावर ओरडली.

"उघडू नकोस गं! अहो, अजून एक म्हणा!"

वरखालींनी चाक सोडलं. आता खाली कुणी अडकलेलं नव्हतं, लिफ्ट मजल्याला लागलेली होती, मिस्त्रीचं काम संपलं होतं. ते त्या तेलकट जमिनीवर इस्त्रीच्या शर्टानिशी मांडी घालून बसले आणि बायकोसाठी गायला लागले.